साकव

१० जून २०२४, सोमवार

मृग लागून दोनच दिवस झालेत. काल रात्री विजा कडाडत होत्या आणि अकराच्या सुमारास सगळ्या तालुक्याची लाइट गेली. सकाळी पावणेआठला वाचनालयाच्या शिपाईकाकांचा फोन आला, "लाइट इली, पण तुमचो कॉम्प्युटर काय उठना नाय."

मी तीस किलोमीटरवर राहतो. घरून वाचनालयाच्या यंत्रात शिरण्यासाठी वायरगार्डचा बोगदा टाकून ठेवला आहे, तो आधी तपासला. पलीकडून काहीच उत्तर येईना. पहिली एसटी पकडली. पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. देवघेव विभागात पाच-सहा वाचक उभे होते आणि ग्रंथपाल ताईंनी कपाटातून जुने देवघेव रजिस्टर काढून हाताने नोंदी सुरू केल्या होत्या. मला पाहून त्या एवढेच म्हणाल्या, "भाऊ, सावकाश होऊ दे. रजिस्टर आहे." त्यांच्या त्या शांतपणाने मला जास्त लागले.

यंत्र चालू होते. पंखा फिरत होता, लॉगिन होत होते. 'आयपी लिंक' ही आज्ञा दिली तर दोनच नावे आली, एक लूपबॅक आणि दुसरे खरे नेटवर्क कार्ड. मार्चमध्ये मी या एका कार्डावर पाच आभासी इंटरफेस उभे केले होते: दोन व्हीलॅन, दोन पूल आणि वायरगार्ड. पाचांतला एकही शिल्लक नव्हता. ज्या आभासी यंत्रात, म्हणजे व्हीएममध्ये, वाचनालयाचे कोहा हे देवघेवीचे सॉफ्टवेअर चालते तिने सुरू व्हायचा प्रयत्न केला होता. 'असे उपकरणच नाही' अशी ओळ नोंदीत टाकून ती थांबली होती. तिची केबल ज्या पुलाला लागायची तो पूलच जागेवर नव्हता.

आठवून आठवून सगळे पुन्हा टाइप केले. चाळीस मिनिटे लागली, त्यात एक पत्ता चुकला.

चूक माझी. 'आयपी लिंक ॲड' म्हटले की इंटरफेस तत्क्षणी तयार होतो, चालतो, त्यातून माल वाहतो. पण तो असतो कर्नलच्या स्मृतीत. डिस्कवर त्याचे एक अक्षरही नोंदले जात नाही. १८ मार्चला मी ते टाइप केले आणि त्यानंतर ८३ दिवस यंत्र एकदाही बंद पडले नाही. इतके दिवस अखंड चालले याचा मला अभिमान होता. खरे तर त्या ८३ दिवसांनीच माझी चूक झाकून ठेवली होती.

११ जून, मंगळवार

रात्री इथेच मुक्काम केला. नेटवर्कची फाइल दुरून बदलायची नाही हा माझा नियम आहे. आपण बसलेली फांदी तोडल्यासारखे होते ते. एक ओळ चुकली की आपणच बाहेर. उबुंटूत 'नेटप्लॅन ट्राय' अशी चांगली सोय आहे, १२० सेकंदांत आपण होकार दिला नाही तर जुनी मांडणी परत येते. आमचे यंत्र डेबियन १२ वर आहे आणि तिथे नेटवर्कची जुनीच पद्धत आहे. म्हणून समोर खुर्ची टाकून बसलेले बरे.

ताईंनी चहा दिला आणि विचारले, "आभासी म्हणजे नसलेलेच ना? मग नसलेले गेले कसे?"

प्रश्न रास्त होता. त्यांना सांगितले, आपल्याकडे एकच केबल आहे, पण तिच्यातून दोन वेगळ्या वाटा काढायच्या आहेत. एक कार्यालयाची, जिच्यावर सभासदांची नावे, अनामत, वर्गणी असते. दुसरी अभ्यासिकेतल्या मुलांची, जी एमपीएससीचे पेपर उतरवून घेतात. या दोन वाटा एकमेकींत मिसळता कामा नयेत. म्हणून प्रत्येक पाकिटावर क्रमांकाची चिठ्ठी लागते. ८०२.१क्यू या मानकात ती चिठ्ठी चार बाइटची असते आणि क्रमांकाला त्यातले १२ बिट मिळतात. शून्य आणि ४०९५ राखीव, म्हणून वापरायला ४०९४ वाटा. आम्हाला दोनच पुरतात, १० आणि २०. यंत्राच्या आत त्या दोन वाटांवर एकेक पूल आहे आणि व्हीएम त्या पुलांना जोडलेल्या आहेत.

"आणि तो पूल काल रात्री वाहून गेला," ताई म्हणाल्या.

मग साकव आठवला. आमच्या लहानपणी वहाळावर पावसाळा सरला की पोफळीचे खांब आणि बांबू टाकून साकव घालत. माणसे वर्षभर त्यावरून जात, नवरीची वरातही जाई. पहिल्या मोठ्या पुरात तो जाई. त्यात कुणाला वाईट वाटत नसे, कारण साकव जाणार हे ठाऊकच असे. मार्चमध्ये मी साकव घातला आणि मनाशी पूल बांधल्याचे धरून चाललो.

पक्का पूल म्हणजे फाइल. ईटीसीतल्या नेटवर्क फोल्डरात 'इंटरफेसेस' नावाची साधी मजकुराची फाइल असते. तिच्यात प्रत्येक इंटरफेसचा एक परिच्छेद लिहायचा. सगळी मेख मात्र परिच्छेदाच्या वरच्या एका शब्दात आहे. 'ऑटो' लिहिले तर बूट होताना नेटवर्कची सेवा तो इंटरफेस न विचारता उभा करते. 'अलाउ-हॉटप्लग' लिहिले तर कर्नलने ते उपकरण दिसल्याची वर्दी दिली तरच उभा करते. खऱ्या कार्डाला दुसरा शब्द चालतो आणि डेबियन बसवताना बहुधा तोच लिहिला जातो. पुलाला तो लावला तर? पुलाचे हार्डवेअरच नाही, त्यामुळे तो दिसल्याची वर्दी कुणी देणार नाही. जो अजून निर्माण झालेला नाही त्याच्या येण्याची वाट यंत्र पाहत राहील. आभासी इंटरफेसला 'ऑटो'च हवे.

काहीच लिहिले नाही तरी परिच्छेद बरोबर असतो आणि हाताने 'आयफअप' म्हटले की उभाही राहतो. म्हणून माणूस फसतो. चाचणी हाताने करतो, ती पास होते, आणि बूटच्या वेळी त्या परिच्छेदाकडे कुणी बघत नाही.

आणखी दोन गोष्टी फाइलीत घातल्या. जे कार्ड पुलाला जोडले त्याला स्वतःचा पत्ता दिला नाही. तिथे 'मॅन्युअल' लिहिले आणि पत्ता पुलाला दिला. शिवाय लिनक्सच्या पुलाचे पोर्ट जोडल्यावर मूळ नियमाने काही काळ नुसते ऐकते आणि शिकते, पुढे काही सोडत नाही. हा विलंब १५ सेकंदांचा असतो. अनेक स्विच एकमेकांना जोडून वळसा पडण्याची भीती असते तिथे त्याला अर्थ आहे. आमच्याकडे स्विच एक आणि पुलावर दोन व्हीएम. तिथे तो १५ सेकंदांचा विचार करण्याचे कारण नाही. विलंब शून्य केला.

१२ जून, बुधवार

वायरगार्ड. जेसन डोनेनफेल्ड यांनी लिहिलेले हे काम मला मनापासून आवडते. मार्च २०२० मध्ये आलेल्या ५.६ या आवृत्तीपासून ते लिनक्स कर्नलचाच भाग आहे. त्याची मांडणी एका पानात मावते. तरीही परवा ते मुके राहिले, आणि कारणे दोन निघाली.

पहिले कारण दोन शब्दांतल्या फरकाचे. सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीला 'स्टार्ट' म्हटले की सेवा आत्ता सुरू होते. 'एनेबल' म्हटले की दर बूटला सुरू होईल अशी नोंद होते. नोंद म्हणजे तरी काय, तर ठरावीक फोल्डरात त्या सेवेच्या फाइलीकडे बोट दाखवणारा एक दुवा. मी मार्चमध्ये फक्त पहिला शब्द वापरला होता. व्हीएमना मात्र त्याच दिवशी 'ऑटोस्टार्ट' लावले होते. तेही एका फोल्डरातल्या दुव्याचेच काम आहे. एका ठिकाणी केले म्हणून सगळीकडे केले असा माझा समज झाला असावा. आता दोन्ही एकदम होतील अशी आज्ञा दिली.

दुसरे कारण शोधायला दुपार गेली. सेवा सुरू झाली, इंटरफेस उभा राहिला, तरी बाहेरून पोचता येईना. वायरगार्ड आपणहून बोलत नाही. पाठवायला काही असेल तेव्हाच ते पलीकडच्याशी हस्तांदोलन करते. वाचनालयाचे यंत्र राउटरच्या आड आहे, बाहेरून त्याच्याकडे वाट नाही. त्यामुळे पहिली हाक आतूनच जायला हवी. बूट झाल्यावर आतून कुणी काही पाठवले नाही तर हाक जात नाही आणि मी बाहेर ताटकळत राहतो. उपाय एका ओळीचा आहे, 'पर्सिस्टंट-कीपअलाइव्ह' २५. दर २५ सेकंदांनी आतून एक छोटे पाकीट जाते आणि वाट उघडी राहते.

उभा असणे आणि उपयोगी असणे यात एवढे अंतर असते. सेवेपुढचा हिरवा ठिपका पाहून उठायचे नाही, हे वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवतो.

१८ जून, मंगळवार

शनिवारी एकदा रीबूट करून पाहिले होते, सगळे उठले होते. आज नवी एसएसडी बसवली. दुकानातला मुलगा आला, त्याने मदरबोर्डवरच्या खाचेत ती नीट बसवली आणि यंत्र सुरू केले. पूल दोन्ही होते, पण कोरडे. कार्ड जोडलेलेच नव्हते.

कार्डाचे नाव बदलले होते. काल 'ईएनपी३एस०', आज 'ईएनपी४एस०'. 'ईएन' म्हणजे इथरनेट, 'पी' नंतरचा आकडा पीसीआय बसचा, 'एस' नंतरचा खाचेचा. नवी एसएसडी त्याच पीसीआयवर बसली, तिने एक बस क्रमांक घेतला आणि कार्ड एक घर पुढे सरकले. पूर्वी 'ईटीएच०', 'ईटीएच१' अशी नावे असत आणि जे कार्ड आधी सापडेल त्याला आधीचा क्रमांक मिळे. दोन कार्डे असली की नावांची अदलाबदल होई. ते टळावे म्हणून जानेवारी २०१३ मध्ये सिस्टमडीच्या १९७ व्या आवृत्तीत जागेवरून नाव देण्याची ही पद्धत आली. ती चांगलीच आहे. पण जागा बदलली की नाव बदलते, हे तिच्यातच आले.

त्या मुलाचा यात काही दोष नाही. तो बिचारा ओशाळला होता. त्याला चहा पाजून पाठवले.

कार्डाला आता कायमचे नाव दिले, 'लॅन०'. त्यासाठी 'डॉट लिंक' शेपटीची एक छोटी फाइल लिहावी लागते: अमुक मॅक पत्त्याचे कार्ड दिसले की त्याला हे नाव दे. इथेही एक खड्डा निघाला. व्हीलॅनचे इंटरफेस आपल्या मूळ कार्डाचाच मॅक पत्ता घेतात. मी नुसत्या मॅकवरून ओळख पटवायला सांगितली तर नोंदीत तक्रार दिसू लागली. यंत्र व्हीलॅनलाही 'लॅन०' म्हणायला जात होते आणि ते नाव आधीच दिलेले होते. ओळख पटवायची ती 'पर्मनंट मॅक'वरून. कारखान्यात कार्डावर कोरलेला पत्ता तो. आभासी इंटरफेसला असा पत्ता नसतो, त्यामुळे गोंधळ राहत नाही. शेवटी बूटच्या पहिल्या टप्प्याची प्रतिमाही नव्याने बनवली, नाहीतर त्या टप्प्यात जुनेच नाव पडते.

'इंटरफेसेस' फाइलीत सगळीकडे जुन्या नावाऐवजी 'लॅन०' केले. आता हे कार्ड कुठल्याही खाचेत गेले तरी फाइलीला हात लावायला नको.

२१ जून, शुक्रवार, वटपौर्णिमा

ताई वडाची पूजा करून दुपारी येणार होत्या. वाचकही कमी. खरी चाचणी आजच करायची ठरवली.

रीबूट ही चाचणी अपुरी आहे असे माझे मत झाले आहे. रीबूटमध्ये यंत्र शिस्तीत बंद होते आणि आजूबाजूचे सगळे चालूच असते, स्विच, राउटर, वायफाय. मृगाच्या रात्री तसे होत नाही. सगळे एकदम जाते आणि सगळे एकदम येते. म्हणून, कोहाच्या विदागाराला धक्का बसू नये यासाठी आधी दोन्ही व्हीएम रीतसर बंद केल्या, यूपीएसची बॅटरी सोडवली आणि भिंतीवरचा एमसीबी खाली केला.

दोन मिनिटांनी वर केला. स्विचचे दिवे लागले, राउटरचे लागले. यंत्र अंधारातच.

मी बघतच राहिलो. दहा दिवस बूटच्या वेळी काय आपोआप उठावे याचा विचार करत होतो आणि बूटच आपोआप होत नव्हते. शिपाईकाका दारातून म्हणाले, "त्या दिसा बटण मीच दाबलंय." त्यांनी ते सांगितले नव्हते, कारण मी विचारले नव्हते. बायोसमध्ये वीज परत आल्यावर काय करायचे याची एक नोंद असते: बंदच राहा, सुरू हो, किंवा आधी होतास तसा हो. आमच्याकडे पहिले निवडलेले होते. दुसरे केले.

पुन्हा एमसीबी खाली, पुन्हा वर. या वेळी यंत्र आपसूक उठले. घड्याळ लावून बसलो. यंत्र स्विचच्या आधी जागे झाले, त्यामुळे थोडा वेळ कार्डाला पलीकडे कुणी दिसत नव्हते. पण पुलांचे पत्ते फाइलीत पक्के लिहिलेले असल्यामुळे ते न अडखळता उभे राहिले. स्विच जागा झाला आणि वाट जुळली. राउटरने सगळ्यांत जास्त वेळ घेतला. साडेतीन मिनिटांनी मोबाइलवरून, वाचनालयाचे वायफाय बंद करून, बोगद्यातून आत शिरलो. काकांना दाखवले. त्यांना स्क्रीनवरचे काही कळले नसावे, पण त्यांनी मान हलवली.

आणखी दोनदा केले. तीनही वेळा उठले. मग यूपीएस जोडला, हात धुतले आणि ताईंनी आणलेला वाणाचा आंबा खाल्ला.

२५ जून, मंगळवार

घरच्या जुन्या यंत्रावर हीच मांडणी सिस्टमडी-नेटवर्कडीत करून पाहिली. पुढेमागे तिकडे जावे लागेल. तिथे इंटरफेस जन्माला घालणारी फाइल वेगळी आणि त्याला पत्ता देणारी वेगळी. ही विभागणी मला पटली. पण बूटला दोन मिनिटे लागू लागली. ज्या पुलाला अजून एकही पोर्ट जोडलेले नाही त्याला वाहक नसतो, आणि सगळे इंटरफेस जोडले जाण्याची वाट पाहणारी सेवा १२० सेकंद थांबते. त्या पुलासाठी थांबू नकोस, असे त्याच्या फाइलीत एका ओळीने सांगावे लागते. आणि वाहक नसला तरी पत्ता दे, हेही.

२ जुलै, मंगळवार

आज ताईंनी सांगितले तसे केले. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही नसलात तर दुसऱ्या माणसाला कळेल असे काहीतरी ठेवा." त्यांचे बरोबर आहे. दाखल रजिस्टर पन्नास वर्षांपूर्वीच्या ग्रंथपालांनी लिहिले, ते आजही ताई वाचतात. शाई फिकी झाली, पण दाखल क्रमांक, किंमत, पुरवठादार, सगळे रकाने भरलेले. महाराष्ट्रातला सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. आमचे वाचनालय त्याहून जुने. ते माणसांच्या आठवणीवर चालले असते तर कधीच बंद पडले असते.

'इंटरफेसेस' फाइलीत प्रत्येक परिच्छेदावर शेरा लिहिला, मराठीत. हा पूल कशासाठी, याला कोण जोडलेले आहे, हा काढला तर काय थांबेल. शेऱ्याच्या ओळीच्या सुरुवातीला हॅशचे चिन्ह असले की यंत्र ती ओळ वाचत नाही, माणूस वाचतो. देवनागरी अक्षरांना काही अडचण नाही. वायरगार्डची खासगी किल्ली सोडून सगळ्या फाइली छापल्या, तारीख टाकली आणि दाखल रजिस्टरच्या कपाटात ठेवल्या. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला: वीज आल्यावर पाच मिनिटे थांबावे, कुठलेही बटण दाबू नये, त्यानंतर कोहाचे पान उघडावे.

काकांनी कागद वाचला आणि विचारले, "म्हणजे माका काय करूचा नाय?"

नाही काका, काही करायचे नाही.

१८ जुलै, गुरुवार

काल आषाढी. रात्री घरी अभंग ऐकत बसलो होतो, इकडेही पाऊस कोसळत होता. सकाळी फोन आला नाही. दहा वाजेपर्यंत आला नाही तेव्हा मीच बोगद्यातून आत शिरलो आणि या बूटची नोंद उघडली. वीज पहाटे गेली असणार, कारण यंत्र ५ वाजून १२ मिनिटांनी नव्याने सुरू झाले होते. पुढच्या ओळी एकामागून एक: 'लॅन०', दोन व्हीलॅन, दोन पूल, वायरगार्ड, मग दोन्ही व्हीएम. तक्रारीची एक ओळ नाही.

ताईंना फोन केला. त्या कामात होत्या. वीज गेल्याचे त्यांना ठाऊकच नव्हते. सव्वादहाला एका शाळकरी मुलीला त्यांनी पहिले पुस्तक दिले होते आणि त्याची नोंद कोहात झाली होती.